करंगळीवरची पूड

डबीचं झाकण फिरवून चिमाबाईनं करंगळीचं टोक त्या पांढऱ्या पुडीत बुडवलं आणि जिभेवर ठेवलं. कान्हे फाट्याला जाणारी जीप भोंगा वाजवून नुकतीच निघाली होती, तिच्यात बसून सून कामावर गेली. मुलगा प्रितम सकाळच्या पाळीला कंपनीत गेलेला. पाळण्यात नात. ‘काय करता?’ म्हणून विचारणारं आता घरात कुणी नव्हतं, आणि असतं तरी चिमाबाईला असं विचारायची टाकवे गावात कुणाची छाती नव्हती.

पूड जिभेवर विरघळली. गोड.

तिनं पुन्हा करंगळी बुडवली, पुन्हा चाखलं. जिभेच्या मागल्या अंगाला काहीतरी कडवट लागून गेलं, पण ते नंतर. आधी सगळं गोडच.

“साखर हाय ही,” ती पाळण्याकडं बघून म्हणाली. “अगं माझे यशू, तुझी आई तुला साखर चारती!”

जीभ चुकणं शक्यच नव्हतं. लोणावळ्यातल्या चिक्कीच्या भट्टीवर चिमाबाईची उभी जवानी गेली होती. गुळात भेसळ आहे का, पाक कच्चा आहे की करपला, शेंगदाणा जुना आहे की नवा, हे ती करंगळी चाटून सांगायची. भट्टीवरच्या बायका तिच्या करंगळीला ‘मॅनेजर’ म्हणायच्या. मॅनेजरनं मान हलवल्याशिवाय परात ओतली जायची नाही. काम सुटलं, गुडघे गेले, पण मॅनेजर अजून नोकरीत होता. सुनेची आमटी, शेजारणीचं लोणचं, दवाखान्यातलं खोकल्याचं औषध, सगळ्यावर त्याची सही लागे.

आणि आज मॅनेजर सांगत होता, की या लेकराला साखर देतायत.

यशू वर्षाची व्हायला आली होती, पण उचलली तर रिकाम्या पिशवीसारखी हलकी लागायची. हातापायाच्या काटक्या, पावलांवर सूज, पोट मात्र टम्म. जे वरून घालावं ते खालून पाणी होऊन जायचं. दूध बदललं, पेज करून बघितली, तीन दवाखाने झाले. पहिल्यांदा चिमाबाईचा सगळा राग सुनेच्या नोकरीवर होता. मानसी एमेस्सी झालेली, पुण्यात एका मोठ्या संस्थेत जंत पाळायची. होय, जंत! काचेच्या बशांत जंत वाढवायचे, तारेनं एकेक उचलायचा आणि दुर्बिणीखाली बघायचा, याचा तिला पगार मिळे. चिमाबाई गावात मान वर करून सांगायची, ‘आमची सून शास्त्रज्ञ हाय’. घरात मात्र म्हणायची, “हात धू, जंतवाली आली.” यशूचं पोट बिघडलं तेव्हा तिनं सरळ तोंडावर फेकलं होतं, “आनलेस ना घरात? कपड्याला चिकटून आले आसतील.”

“आत्या, ते मातीतले जंत असतात. माणसाच्या पोटात होत नाहीत,” मानसी म्हणाली होती.

“तू विचारलंस व्हय त्यांना?”

मग तळेगावच्या मोठ्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या, रक्त कुठंतरी लांब पाठवलं, आणि निदान झालं. मानसी त्या संध्याकाळी समजवायला बसली, “आत्या, जीन म्हणून असतं एक, आमच्या जंतांमध्ये पण तसंच...” पण ताटावर बसलेल्या चिमाबाईनं हात वर केला. “जेवताना जंताचं पुरान नगं. प्रितम, तू सांग. मराठीत सांग.”

प्रितम दिवसभर उभा राहून दमला होता. त्यालाही नीट उमगलेलं नव्हतं. तो म्हणाला, “साखरेचा प्रॉब्लेम हाय, आई. जल्मापास्नं. औषध चालू केलंय.”

एवढंच. त्या एका शब्दासरशी चिमाबाईनं हातातला घास खाली ठेवला.

साखर. साखर काय असते ते तिला कुणी शिकवायला नको होतं. तिचा नवरा हनुमंत रेल्वेत गँगमन होता. घाटात रुळांवरून चालून चालून त्याची पावलं लाकडासारखी झाली होती. त्या पावलाला साखरेनं धरलं. आधी एक बोट काढलं, मग पाऊल, मग गुडघ्याखाली. रोज सकाळी पोटात सुई. कधी सुई जास्त व्हायची आणि माणूस घामानं थबथबून, डोळे फिरवून पडायचा. भट्टीवरून येताना चिक्कीचा चुरा पदरात बांधून आणायची ती चिमाबाईच. तो आवडीनं खायचा. त्याला साखर निघाल्यावर तिनं घरातला गूळ कुलपात टाकला, पण उशीर झालेला. ‘चुरा आनला नसता तर...’ हे ती कुणाशी बोलली नव्हती. फक्त यशू झाल्यापासून तिनं एक धरलं होतं, या पोरीच्या तोंडाला गोड लावायचं नाही.

आणि आता मानसीची रजा संपली होती. जाताना तिनं डबी पुढ्यात ठेवली होती. “सकाळ-संध्याकाळचं मी देईन, आत्या. दुपारचे दोन्ही डोस तुमच्याकडं. हा चमचा, सपाट भरायचा. पाण्यात विरघळवायची. चुकवू नका हं.”

“मी काय चुकवते? तुझ्या नवऱ्याला म्याच वाढीवला.”

चिमाबाईनं डबी बंद केली. दवाखान्यावर तिचा विश्वास नव्हता असं नाही. अंगारे, धागे, देवऋषी यांच्याकडं तर ती ढुंकूनही बघत नसे. दोनच दिवसांपूर्वी शेजारची नंदाबाई मीठ-मोहऱ्या मुठीत घेऊन उंबऱ्यात उभी राहिली होती.

“चिमाबाई, वाईच दृष्ट काडू का पोरीची? कुनाची तरी लागलीय.”

“नंदे, आमी बावीस प्रतिज्ञा घेतलेली मानसं. मीठ आनलंयस तर आमटीत घाल, तुझी आळणी आसती.”

“आगं, पन पोरगी बघ की कशी झालीय...”

“बघती. डोळं हायेत मला. औषदानं बरी व्हईल, मिठानं न्हाई.”

अशी ती चिमाबाई. पण हे औषधच गोड निघालं. आणि साखर झालेल्या माणसाला साखर घातल्यावर काय होतं, ते तिनं स्वतःच्या घरात, स्वतःच्या खाटेवर बघितलं होतं. डॉक्टर चुकतात. हनुमंताच्या वेळी चुकलेच होते, ‘साधी जखम हाय’ म्हणाले होते. सून शिकलेली, पण जंतांची शिकलेली, माणसांची नव्हे.

दुपारी तिनं चमचा काढला, सपाट भरला, पाण्यात विरघळवला आणि वाटी घेऊन मोरीपाशी गेली. क्षणभर थांबली. मग ओतून दिलं. वर तांब्याभर पाणी घातलं. दुसऱ्या डोसाच्या वेळीही तेच. यशूला मिठाची पेज पाजली.

‘तिनं पाजलेलं माझ्या हातात न्हाई. माझ्या वाट्याचं तरी वाचवते,’ ती मनाशी म्हणाली.

संध्याकाळी मानसी आली, पर्स ठेवायच्या आधी तिनं विचारलं, “दिलं, आत्या?”

“झालं की येळेवर.” आपण खोटं बोललो असं चिमाबाईला वाटलं नाही. वेळेवर झालं होतंच.

असे दिवस गेले. डबीतली पूड बरोबर उतरत गेली, कारण चिमाबाई हिशोबाला पक्की. पण यशू काही चढेना. मानसीच्या डोळ्यांखाली काळं आलं. ती रोज पोरीचं पाऊल अंगठ्यानं दाबून बघायची. दाबलं की खळगा पडायचा, आणि तो भरून येईपर्यंत ती श्वास धरून बसायची. चिमाबाई भाकरी थापता थापता ते चोरून बघायची. भीती तिलाही होतीच. ती तव्यासमोर उभी असतानाही पाठीवरून गार हात फिरल्यासारखी यायची. पण तिला वाटे, साखर सगळी बंद झाली असती तर पोरगी कधीच उठून बसली असती. दोष त्या सकाळ-संध्याकाळच्या चमच्यांचा.

त्या दिवशी दुपारी यशूनं पेज घेतली नाही. तोंड फिरवलं आणि झोपली. चिमाबाई तांदूळ निवडत बसली. थोड्या वेळानं तिला जाणवलं, पाळणा फारच गप्प आहे.

ती उठली. यशूच्या कपाळावर घामाचे थेंब होते. पंखा चालू, बाहेर ढगाळ, आणि पोरीचं झबलं ओलंचिंब. चिमाबाईनं हात लावला तर अंग गार. मान उचलली तर ती तिच्या हातावर सैल पडली. पापण्या अर्ध्या उघड्या, आत नुसतं पांढरं.

“यशू! ए यशे!”

चिमाबाईनं हे आधी बघितलं होतं. हाच घाम. हेच गार अंग. सुई जास्त झाल्यावर हनुमंत असाच पडायचा, आणि तेव्हा डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, साखर उतरलीय, पटकन गोड घाला तोंडात.

पण हिला तर सुई नव्हती! सुईशिवाय साखर उतरते कशी? साखर चढलेल्या पोरीची साखर उतरते कशी? चिमाबाईच्या एका बाजूला गुळाचा डबा होता आणि दुसऱ्या बाजूला हनुमंताचं कापलेलं पाऊल, आणि मध्ये ती. गोड घातलं आणि मेली तर? नाही घातलं आणि मेली तर?

यशूच्या ओठांची कड निळसर दिसली.

चिमाबाईनं गुळाचा खडा घेतला, तो पाण्यात कुस्करला, आणि मॅनेजरला त्यात बुडवून पोरीच्या हिरडीवर फिरवला. एकदा, पुन्हा, पुन्हा. “चाट गं माझे बाय. चाट. मी हाय.” मग तिनं दाराकडं तोंड करून हाक मारली. “नंदे! अगं ए नंदे! धाव गं, माझी पोरगी गेली!”

नंदाबाई पिठाच्या हातानं धावली. तिचा नवरा गेणू अंगणातच टेम्पो धूत होता. त्यानं फडकं टाकून टेम्पो सुरू केला. वाटेत चिमाबाईची करंगळी यशूच्या ओठातच होती. वडगाव मागं पडलं तेव्हा त्या बोटाला हलकीशी ओढ लागली. पोरगी चोखत होती.

“चोखती, नंदे,” चिमाबाई म्हणाली.

“चोखू दे, बाई. बोलू नगस.” नंदाबाईनं तिच्या पाठीवर पिठाचा हात ठेवला, आणि टाकव्यात कुणापुढं न वाकलेली चिमाबाई त्या हाताला टेकून राहिली.

तळेगावच्या हॉस्पिटलात यशूला आत नेलं, सलाईन लावलं. प्रितम कंपनीतून आला, मानसी पुण्यातून आली. कॉरिडॉरमध्ये डॉक्टर अनघा त्यांच्याशी बोलल्या. वय लहान, पण समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलणारी बाई.

“आजींनी गूळ लावला म्हणून वेळ निभावली. शुगर फार खाली गेली होती,” त्या म्हणाल्या. मग मानसीकडं वळल्या. “पण मला काळजी दुसरी आहे. आतड्यातून प्रोटीन अजून गळतंय. सूज तशीच. रक्त गोठायला वेळ लागतोय. मॅनोजची पूड सुरू करून आता इतके दिवस झालेत, एव्हाना फरक दिसायला हवा होता.”

“थोडा पण नाही?” मानसीनं विचारलं.

“नाही म्हणायला किंचित. या आजाराचे पुष्कळ प्रकार असतात, मानसी, तुला ठाऊक आहे. त्यातल्या या एकालाच हे औषध चालतं. रिपोर्ट थोडा अस्पष्टच होता. कदाचित आपण धरला तो प्रकार नसेल. उद्यापासून बंद करून पुन्हा तपासू.”

“आणि दुसरा प्रकार असेल तर?” प्रितमनं विचारलं.

“मग आपण त्रास कमी करत राहू,” डॉक्टर म्हणाल्या आणि आत गेल्या.

प्रितम भिंतीला टेकून खाली बसला, आणि मग रडताना कुणी बघू नये म्हणून पाणी आणायला निघून गेला. बाकावर सासू आणि सून उरल्या.

चिमाबाईच्या कानात एकच गोष्ट अडकली होती, औषध बंद करणार. खरं सांगायचं तर पहिल्यांदा तिला सुटल्यासारखंच वाटलं. ती साखर आता कुणीच घालणार नाही, आणि मोरीत काय गेलं हे कुणाला कळायची गरज नाही. पण सुटलेलं मन पुन्हा अडकलं ते ‘गूळ लावला म्हणून’ या शब्दांत. गोडानं पोरगी मरायला हवी होती. गोडानं ती चोखायला लागली.

मानसी मोबाईलमध्ये काहीतरी बघत होती.

“काय बघतीस?” चिमाबाईनं विचारलं.

“काही नाही. जंत.”

एरवी चिमाबाईनं टोमणा मारला असता. आज म्हणाली, “दाव.”

मानसीनं आश्चर्यानं तिच्याकडं बघितलं, मग मोबाईल पुढं धरला. पडद्यावर काचेसारखा आरपार, दोऱ्यासारखा एक जीव दिसत होता. आतलं सगळं दिसत होतं.

“ही मादी म्हणा. हिच्या पोटात अंड्यांची नळी असते. ती आधीपासून नसते आत्या, ती तयार होते. तिच्या टोकाला एक पेशी असते, ती पुढं पुढं चालते आणि मागं नळी बनत जाते. हे बघा, इथपर्यंत सरळ गेली. इथं वळली. आणि माघारी आली.”

“बांधापाशी नांगर वळतो तशी.”

“हो, अगदी तशी.” मानसीनं दुसरं चित्र काढलं. “आणि ही बघा. हिच्यात आम्ही एक जीन मोडलंय. साखर चिकटवायचं जीन.”

दुसऱ्या जंतात नळी सरळ निघाली होती, पण वळायच्या जागी वळलीच नव्हती. तशीच शेपटीकडं भरकटत गेली होती, वेडीवाकडी, बांध ओलांडून परक्याच्या रानात शिरलेल्या नांगरासारखी.

चिमाबाईनं त्या भरकटलेल्या नळीवर बोट ठेवलं. “हिला कुनी सांगत न्हाई व्हय, वळ म्हनून?”

“तेच तर, आत्या. साखर सांगते.” मानसी म्हणाली. “अंगात जी प्रोटीनं असतात ना, ती तशीच कामाला लागत नाहीत. त्यांच्यावर साखरेचे बारीक तुकडे चिकटवावे लागतात. मग त्यांना कळतं कुठं जायचं, काय धरून ठेवायचं. ते नाही चिकटले की जंतात नळी भरकटते. माणसात आतडं गळतं, लिव्हर सुजतं, रक्तातली साखर एकाएकी उतरते. मी रोज हेच बघते म्हणून मला यशूचा संशय आला. आमच्या सरांना विचारलं, ते म्हणाले तपासून घ्या, माणसातही असतं.”

“शेंगदान्याला पाक न धरावा तसं,” चिमाबाई हळू म्हणाली. “चिक्की बांदतच न्हाई मग. नुस्ता भुगा.”

“हं.”

“मग ही... ह्यांची, तुझ्या मामांची साखर न्हवं?”

“मामांची? नाही हो! मामांना डायबेटिस होता. रक्तात साखर जास्त. यशूचं उलट आहे. तिच्या अंगात एक साखर तयारच होत नाही. मॅनोज नाव तिचं. ती बाहेरून द्यायची. ती डबीतली पूड म्हणजे तीच साखर.” मानसीनं मोबाईल बंद केला. “मला वाटलं होतं आपलं नशीब, इतक्या प्रकारांतला औषध असलेला एकच प्रकार आपल्याला मिळाला. पण तो पण नाही म्हणे.”

कॉरिडॉरमधून एक नर्स ट्रॉली ढकलत गेली, चाकं करकरली, आणि तेवढा वेळ बोलावं लागलं नाही म्हणून चिमाबाई त्या चाकांची आभारी होती. मग ट्रॉली वळली आणि सगळं शांत झालं.

घरात आल्या दिवसापासून तिनं सुनेला ‘चुकलीस’ म्हटलं होतं. मिठात चुकलीस, मापात चुकलीस, पोर धरण्यात चुकलीस. आता तो शब्द तिला आपल्याकडं वळवायचा होता. नाही बोललं तर उद्या औषध बंद होणार होतं, आणि तेही ‘लागू पडत नाही’ म्हणून. आत सलाईनवर पोरगी होती. भरकटलेल्या नांगराला हाक मारणारं इथं दुसरं कुणी नव्हतं.

“मानसे.”

“काय?”

“दुपारची पूड म्या दिली न्हाई.”

मानसीनं मान वळवली.

“एक बी दिवस न्हाई दिली. मोरीत वतली. चाखून बघितली तर गोड लागली. मला वाटलं, ह्यांच्यासारखं व्हईल पोरीचं. पाय कापत्याल तिचा.” ती थांबली. “जिभंला मागून कडू लागलं व्हतं. साधी साखर न्हवं हे जिभंला कळलं व्हतं. मलाच आयकायचं नव्हतं.”

मानसीनं तिच्याकडं बघितलं, दुर्बिणीखाली बघावं तसं. चिमाबाईनं मान खाली घातली आणि थप्पड पडेल म्हणून वाट बघितली. थप्पड पडली नाही. मानसी उठली आणि धावली. चपलेचा एक बंद तुटला तरी धावली.

“मॅडम! मॅडम, थांबा! औषध फेल नाही गेलं! अर्धं दिलंच नव्हतं!”

तिचा आवाज रडका होता की हसरा, ते चिमाबाईला कळेना. आतून डॉक्टरांचा आवाज आला, मग दोघींचा एकदम, मग ‘डोस’, ‘पुन्हा सुरू’, ‘आत्ताच काही सांगता येणार नाही’ असे तुकडे. चिमाबाई बाकावर बसून राहिली. नंदाबाईच्या पिठाचा पंजा तिच्या पाठीवर अजून तसाच उमटलेला होता.

मानसी परत आली तेव्हा तिचा चेहरा कोरडा झाला होता. राग आता आला होता.

“मला विचारलं का नाहीत तुम्ही? एकदा, फक्त एकदा?”

“तुला विचारायची मला सवय न्हाई,” चिमाबाई म्हणाली. ते खरं होतं, आणि याहून वाईट तिला दुसरं काही सांगता आलं नसतं.

त्यानंतर मानसी तिच्याशी बोलली नाही. प्रितमला कळलं तेव्हा तोही नाही बोलला. घरी जा म्हणून कुणी सांगितलं नाही, थांब म्हणूनही नाही. चिमाबाई थांबली. वॉर्डातल्या स्टुलावर बसून राहिली. औषधाची वेळ आली की मानसी डबी काढायची, पाठ फिरवून पूड विरघळवायची. चिमाबाई यशूचं डोकं धरायची. तेवढं मात्र मानसी धरू द्यायची. बाकी दिवसभर चिमाबाई बघत असे ते एकच, घाम. नातीच्या वरच्या ओठावर जराही ओल दिसली की ती स्टुलावरून उठायची. ती बोट लावून बघायची आणि ते दूध असायचं.

डॉक्टर येऊन पावलाचा खळगा दाबून जायच्या. मग एका सकाळी त्यांनी दाबलं, पुन्हा दाबलं, खळगा लवकर भरला, आणि त्या म्हणाल्या, “बघू. घाई नको करायला.” पण जाताना यशूच्या गालाला हात लावून गेल्या, आणि तो हात चिमाबाईनं दिवसभर मनात धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळचं ऊन खिडकीतून कॉटवर आलं, तेव्हा मानसी खुर्चीत बसल्या बसल्याच झोपली होती. मान छातीवर, तोंड किंचित उघडं. डबी तिच्या मांडीवर. औषधाची वेळ झाली होती. चिमाबाईनं डबीकडं बघितलं आणि हात पदराखाली घेतले.

“मानसे. ऊट, बाय. येळ झाली.”

मानसीनं डोळे उघडले. घड्याळ बघितलं. डबी उचलली, उठायला गेली, आणि पुन्हा बसली. मग तिनं डबी आणि चमचा सासूच्या पुढं धरला.

“तुम्ही द्या, आत्या. मी बघते.”

चिमाबाईनं झाकण फिरवलं. चमचा भरला, काठावरून बोटानं सपाट केला. “बघ, बरोबर हाय का,” ती म्हणाली. हे शब्द तिच्या तोंडून सुनेनं कधी ऐकले नव्हते. मानसीनं मान हलवली. पूड पाण्यात विरघळली. यशूनं वाटीतलं सगळं पिऊन टाकलं, आणि शेवटच्या थेंबासाठी तोंड पुढं केलं.

चमचा पुसता पुसता चिमाबाईच्या करंगळीला पांढरी पूड लागली. बोट सवयीनं जिभेकडं निघालं. ओठांपाशी आलं, थांबलं.

आणि वळलं. यशूच्या ओठांच्या आत जाऊन, तिच्या हिरडीवर हळूच टेकलं.